शाळेत शिक्षक वारंवार नसतील तर पहिली-दुसरीच्या मुलाचं वाचन घरी कसं सावरायचं?

श्रावणातली गोष्ट. आमची धाकटी दुसरीत आहे. संध्याकाळी पुस्तक घेऊन बसली आणि एक पानाचा धडा न अडखळता वाचून दाखवला. मला बरं वाटलं. सहज म्हणून चित्रावर हात ठेवला, मधल्याच एका ओळीवर बोट टेकवलं आणि म्हटलं, "हे वाच बरं." पोरगी गप्प. पुन्हा विचारलं तर पहिल्यापासून म्हणायला लागली. तेव्हा कळलं, धडा तिला पाठ होता. वाचता येत नव्हता.

शाळेत चार वर्ग आणि दोन शिक्षक. त्यातल्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर. दुसरे सर आज मतदार यादीच्या कामाला, उद्या प्रशिक्षणाला, परवा केंद्राच्या बैठकीला. असतील त्या दिवशी पहिलीपासून चौथीपर्यंत सगळी पोरं एकाच खोलीत. सर चांगले आहेत, पण चार ठिकाणी एकटा माणूस कसा पुरणार? तालुक्यात फिरताना दिसतं की ही परिस्थिती एका गावाची नाही. म्हणून कुणाला नावं ठेवायला नाही, तर शिक्षक येतील तेव्हा येतील, तोवर आईबापांनी काय करायचं हे सांगायला हे लिहितो आहे.

घाई यासाठी की पहिली-दुसरीत वाचन निसटलं की पुढं ते आपोआप सापडत नाही. तिसरीपासून पुस्तक असं धरून चालतं की पोराला वाचता येतंच. गणितसुद्धा शाब्दिक होतं. ज्याला वाचता येत नाही त्याला मग सगळेच विषय अवघड वाटतात, आणि आपण म्हणतो, "याचं डोकंच चालत नाही." 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या शंभर मुलांपैकी साधारण २३ जणांनाच दुसरीचा मजकूर नीट वाचता आला. म्हणजे आपलं पोर मागं असेल तर ते एकटं नाही. पण गर्दीत आहे म्हणून काळजी सोडायचीही नाही.

आधी कुठं अडलंय ते बघा

बरेच पालक पहिल्याच दिवशी दुसरीचं पुस्तक उघडतात आणि "वाच" म्हणून बसतात. पोर कितवीत आहे ते बाजूला ठेवा. त्याला काय येतं ते बघा. 'असर'वाले गावोगाव जी तपासणी करतात ती घरीही दहा मिनिटांत होते. एका कागदावर दहा सुटी अक्षरं लिहा, क्रमानं नको, उलटसुलट. खाली दहा सोपे शब्द लिहा. त्याखाली सोप्या वाक्यांचा चार ओळींचा उतारा. पोराला पाच अक्षरं निवडून वाचायला सांगा. चार बरोबर आली तर अक्षरं येतात असं धरा. शब्दांचंही तसंच, पाचातले चार. उतारा सलग वाचता आला आणि तीनपेक्षा जास्त चुका झाल्या नाहीत तर त्याला उतारा वाचता येतो.

मजकूर पुस्तकातला घेऊ नका, नाहीतर आमच्यासारखी फसगत होईल. स्वतःच लिहा. "आमच्याकडे एक शेळी आहे. ती रोज पाला खाते," असलं काहीही चालतं. परीक्षा आहे असं वाटू देऊ नका, ओरडू तर मुळीच नका. जिथं अडलं तिथून सुरुवात करायची. तिसरीतल्या पोराला अक्षरंच येत नसतील तर अक्षरांपासून. यात लाज कसली? पाया खचला असेल तर वरचा मजला बांधत नाहीत.

पाच अक्षरं, वीसेक शब्द

आपण शिकलो ते 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत रांगेनं. त्यात पोरगं रांग पाठ करतं, पण मधलंच अक्षर दाखवलं की मनात 'क'पासून मोजत येतं. त्यापेक्षा चार-पाच अक्षरं घ्यायची आणि त्यांचे लगेच शब्द करायचे.

समजा म, ग, र, घ, न ही पाच घेतली. घर, मन, मग, मगर, नगर, गगन, नमन एवढे शब्द तिथंच तयार. त्यात काना आला की राग, रान, नाग, मार, गार, मामा, नाना, घागर, नगारा. पाच अक्षरं आणि एक काना यातून पंधरा-वीस शब्द निघतात. आमच्या पोरीनं चौथ्या दिवशी 'घागर' स्वतः जुळवून वाचला आणि घरभर सांगत सुटली. एवढं झालं की पोराला वाचायची गोडी लागते. पन्नास अक्षरं पाठ होईस्तोवर एकही शब्द वाचायचा नाही ही जुनी पद्धत सोडा.

अक्षरांच्या चिठ्ठ्या करा. लग्नपत्रिकेची कोरी बाजू यासाठी झकास, जाड असते. चिठ्ठ्या फरशीवर मांडून पोरानं शब्द जुळवायचा. अंगणात काडीनं मातीत लिहिलं तरी चालतं.

सारखी दिसणारी अक्षरं एकाच दिवशी शिकवू नका. घ आणि ध, म आणि भ, प आणि ष, थ आणि य, ब आणि व, ट आणि ढ या जोड्यांत पोरं हमखास गोंधळतात. एक पक्कं झाल्यावर आठ-दहा दिवसांनी दुसरं घ्या.

पोरगं म-ग-र असं सुटं सुटं म्हणतं आणि 'मगर' म्हणता येत नाही, हा अडथळा जवळजवळ प्रत्येकाला येतो. तेव्हा आधी हळू म्हणायचं, मग थोडं भरभर, मग एकदम. ट्रॅक्टर पहिल्या गिअरवरून वर नेतो तसं. शिवाय तोंडी खेळ घ्या, पुस्तकाशिवाय. "'बैल' मधला पहिला आवाज कोणता? 'म'नं सुरू होणाऱ्या तीन वस्तू सांग." कापूस वेचताना, चुलीपुढं, गाडीवर पुढं बसवून नेताना हे होतं.

वेलांटी आणि जोडाक्षरं

बाराखडी गाण्यासारखी म्हणणारी पोरं पुष्कळ असतात. म्हणताना बोट अक्षरावर आहे का, ते बघा. काना पक्का झाला की वेलांटी, मग उकार, मग मात्रा, असं एकेक घ्या. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितो आणि नंतर उच्चारतो, त्यामुळं 'दिवा' वाचताना पोर सुरुवातीलाच थबकतं. त्याला सांगा, आधी 'द' बघ, मग वेलांटी. वाचताना ऱ्हस्व-दीर्घावरून टोकू नका. ते लिहिण्याच्या वेळी बघता येईल, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांचंही चुकतं.

जोडाक्षरं शेवटी. त्यातही 'र' फार छळतो, कारण तो वेगवेगळ्या वेशात येतो: चक्र, ट्रक, सूर्य, वाऱ्यावर. रफार डोक्यावर दिसतो एका अक्षराच्या आणि वाचायचा असतो त्याच्या आधी. इथं समजावत बसण्यापेक्षा पोरांच्या ओळखीचे शब्द द्या. ट्रक, ट्रॅक्टर, चप्पल, रस्ता, खुर्ची, पुस्तक, बिस्कीट. बिस्किटाच्या पुड्यावरून जोडाक्षर लवकर कळतं.

घरात वाचायला काही नाही असं म्हणू नका. एसटीची पाटी, दुकानांचे फलक, भिंतीवरचं कॅलेंडर, बियाण्याची पिशवी, रेशन कार्ड, ग्रामपंचायतीची भिंत. फक्त औषधाच्या बाटल्या, कीटकनाशकाचे डबे वाचायला हातात देऊ नका. ते पोरांच्या हाताला लागणार नाही असंच ठेवा.

रोज वीस मिनिटं, आणि अडखळलं तर

रविवारी दोन तास बसवून काही होत नाही. रोज वीस मिनिटं पुष्कळ झाली. वेळ ठरलेली ठेवा. आमच्याकडे सकाळी दूध घालून आल्यावर बसतो, कारण संध्याकाळी लाईटचा भरवसा नाही आणि मीही दमलेला असतो. दमलेला बाप लवकर चिडतो.

पद्धत अशी. एक ओळ मोठ्यानं बोट ठेवून वाचायची. मग तीच ओळ दोघांनी मिळून. मग पोरानं एकट्यानं. एकच छोटा उतारा तीन दिवस घ्या, तिसऱ्या दिवशी तो सुरळीत होतो. वाचून झालं की दोन प्रश्न विचारा: "शेळी कुठं गेली होती? का गेली असेल?" नुसते शब्द उच्चारले आणि अर्थ कळला नाही तर ते वाचन अर्धवटच.

अडखळलं की लगेच शब्द सांगू नका. मनात पाच आकडे मोजा. तरी आलं नाही तर पहिलं अक्षर सांगा. तरी नाही, तर शब्द सांगा आणि पुढं चला. चूक झाली की पाठीत धपाटा घालणारे बाप मी पाहिलेत, एकेकाळी मीही त्यातलाच होतो, मोठ्या पोराच्या वेळी. त्याचा परिणाम एवढाच झाला की पुस्तक दिसलं की पोरगं गोठ्यात जाऊन बसायचं.

केंद्राच्या 'निपुण भारत' योजनेत तिसरीच्या शेवटी मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं उद्दिष्ट आहे. मोबाईलच्या घड्याळावर महिन्यातून एकदा बघायला हरकत नाही. रोज मोजू नका, पोर पळत सुटतं आणि समजून घेत नाही.

आपल्याला वाचता येत नसेल तर

हा प्रश्न बायाबापड्या सगळ्यात आधी विचारतात. वाचता न येणारी आजीसुद्धा पोराचं वाचन वाढवू शकते. तिनं शेजारी बसून "आज काय वाचलंस, मला सांग" असं म्हणायचं आणि मन लावून ऐकायचं. पोर सलग वाचतंय की थांबत थांबत, हे ऐकणाऱ्याला कळतंच. घरात पाचवी-सहावीचं भावंड असेल तर त्याला धाकट्याबरोबर बसवा. त्याचंही वाचन सुधारतं.

आणखी एक गोष्ट आमच्याकडे फार उपयोगी पडली. पोरीच्या आजीनं वाघ-म्हातारीसारखी एखादी गोष्ट सांगायची, पोरीनं ती आपल्या शब्दांत पुन्हा सांगायची, आणि मोठ्यानं त्यातली चार वाक्यं वहीत लिहायची. दुसऱ्या दिवशी पोरगी तीच वाक्यं वाचते. स्वतः बोललेले शब्द असल्यामुळं ती अडत नाही.

त्यात बोलीचा प्रश्न येतो. घरात पोरं 'पानी' म्हणतात आणि पुस्तकात 'पाणी' असतं. कुठं अहिराणी, कुठं वऱ्हाडी, कुठं कोरकू, कुठं बंजारा. पोर 'पाणी' बघून 'पानी' वाचत असेल तर त्यानं शब्द ओळखलाय. तिथं चूक काढू नका. "आपण पानी म्हणतो, पुस्तकात पाणी लिहितात," एवढं सांगून सोडा. घरच्या भाषेला अशुद्ध म्हटलं की पोर बोलायचंच बंद होतं. ज्या घरात मराठी बोलतच नाहीत तिथं तर आधी शब्दाचा अर्थ घरच्या भाषेत सांगा, मग वाचायला लावा.

आई-बाप ऊसतोडीला जातात आणि पोर आजीकडे राहतं, अशा घरात फोनचा उपयोग होतो. पोरानं वाचलेली चार वाक्यं रोज व्हॉट्सॲपवर आवाजात पाठवायची, बापानं फडातून ऐकायची आणि उत्तर द्यायचं.

मोबाईल कशासाठी वापरायचा

व्हिडिओ बघणं म्हणजे वाचणं नाही, हे आधी ठरवून घ्या. कवितेचा व्हिडिओ पोरं पाठ करतात आणि आपल्याला वाटतं शिकलं.

मोबाईलवर फुकट मिळणाऱ्या उपयोगी गोष्टी अशा. 'बालभारती'च्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ आहेत, पुस्तक फाटलं-हरवलं तर तिथून घ्या. पुस्तकातले क्यूआर कोड 'दीक्षा' ॲपनं स्कॅन केले की त्या धड्याचं साहित्य उघडतं. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टींची चित्रपुस्तकं आहेत, त्यांना पातळ्या दिलेल्या आहेत. पहिल्या पातळीत एका पानावर अगदी थोडे शब्द असतात, तिथून सुरू करा. तिसरी-चौथीच्या पुढच्या पोरांना 'किशोर' मासिक. बालभारती ते १९७१ पासून काढते आणि जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात.

गावात रेंज नसेल तर तालुक्याला बाजाराला गेल्यावर उतरवून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे एक-दोन गोष्टी झेरॉक्सच्या दुकानातून कागदावर काढून आणा. पोराला बोट ठेवायला कागद बरा पडतो, आणि कागदावर मधेच कुणाचा फोन येत नाही.

महिन्याच्या पहिल्या तारखेला पोराचं एक मिनिटाचं वाचन रेकॉर्ड करून ठेवा. दोन महिन्यांनी जुनं लावून ऐकवा. पोराला स्वतःलाच फरक कळतो.

चार घरची पोरं एकत्र

शिक्षक महिनाभर नसतील तर घरोघरी वेगळं करण्यापेक्षा गल्लीतली दहा-बारा पोरं मंदिरात किंवा समाजमंदिरात तासभर बसवा. बारावी झालेली, घरी असलेली एखादी मुलगी किंवा निवृत्त गुरुजी मिळतात. पालकांनी मिळून तिला थोडं मानधन द्यावं, फुकटची अपेक्षा ठेवू नये. बसवताना पहिली, दुसरी, तिसरी असे वर्ग करू नका. अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले एकीकडे, उतारा वाचणारे तिसरीकडे. 'प्रथम' संस्थेनं ही पद्धत अनेक राज्यांत वापरली आहे. तिसरीतलं पोर पहिलीतल्याबरोबर बसायला लाजतं, त्याला धाकट्यांना चिठ्ठ्या वाटायचं काम द्या.

शिक्षक का नाहीत, हे विचारायचं कसं

आधी कारण शोधा. रजा, रिक्त पद, दुसऱ्या शाळेत तात्पुरती नेमणूक, सरकारी काम आणि नुसतं न येणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं शिक्षकांना लावता येतात. त्यामुळं त्या कामाला गेलेल्या सरांवर राग काढून उपयोग नाही. त्या दिवसांसाठी पर्यायी शिक्षक मागायचा. त्याच कायद्यात ६० पटापर्यंत दोन शिक्षक, पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा, आणि शिक्षकानं नियमित व वेळेवर येणं (कलम २४) असं लिहिलेलं आहे. विनाकारण न येणाऱ्याला हे कलम लागू पडतं.

कॅलेंडरवर खूण करत जा: कोणत्या तारखेला शिक्षक नव्हते, कारण काय सांगितलं. महिन्याची नोंद हातात असली की बोलणं सोपं जातं. पहिल्यांदा शिक्षकांशी आणि मुख्याध्यापकांशी बोला. मग शाळा व्यवस्थापन समिती. या समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असा कायदा आहे. शाळेचं कामकाज बघणं हे समितीचं कामच आहे. पण कितीतरी गावांत समिती सहीपुरती असते, सदस्याला स्वतःलाच माहीत नसतं की आपण सदस्य आहोत. आपल्या गावात कोण आहेत ते शाळेत विचारा.

समितीत ठराव घ्या, तो केंद्रप्रमुखांना द्या. तिथं काही झालं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, त्यानंतर जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षणाधिकारी. अर्जात शिव्याशाप नकोत. "आमच्या शाळेत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत इतके दिवस पहिली-दुसरीच्या वर्गाला शिक्षक नव्हते. तारखा सोबत जोडल्या आहेत. पर्यायी शिक्षकाची व्यवस्था करावी," एवढं पुरतं. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय निघू नका. कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणानं तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तारीख घातलेली पोच नसली तर तीन महिने कधीपासून मोजणार?

शाळेला टाळं ठोकण्याच्या बातम्या मीच किती दिल्यात. फोटो चांगला येतो, साहेब धावत येतात, कधी शिक्षकही मिळतो. पण टाळं लागलेले दोन-तीन दिवस पुन्हा पोरांचेच जातात. माझ्या मते तो शेवटचा उपाय, आणि तोही पोच हातात असल्यावर.

डोळे, कान आणि काही वेगळं

सगळा दोष शिक्षक नसण्याचा नसतो. पोर पुस्तक नाकाशी धरतं, डोळे बारीक करतं, हाक मारली तर ऐकत नाही, असं असेल तर आधी तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळा-अंगणवाडीत तपासणीला येतं, त्या दिवशी पोर शाळेत असेल असं बघा. नाहीतर ग्रामीण रुग्णालयात दाखवा. रोज नीट सराव करूनही तीन-चार महिन्यांत अक्षरंच टिकत नसतील आणि बाकी सगळ्यात पोर हुशार असेल, तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना भेटा. आळशी म्हणून सोडून देऊ नका.

आमच्या पोरीच्या वहीत मागच्या पानावर यादी केली आहे: कोणती अक्षरं पक्की, कोणती कच्ची, कोणती वेलांटी-मात्रा झाली. सर मतदार यादीच्या कामावरून परत आले त्या दिवशी ती वही त्यांना दाखवली. त्यांनी बाकी पोरांचीही तशीच यादी करायला सांगितली. रफार अजून राहिला आहे. तो पुढच्या आठवड्यात सुरू करतो.